साडेपाचची मीटिंग आणि जगताप मॅडम

जगताप मॅडमचं मीटिंगमधलं पहिलं इंग्रजी वाक्य ऐकून मी आणि ध्रुविल हसलो होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बडोद्याच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात त्या ड्रॉइंगच्या लॅबमध्ये होत्या. पद असिस्टंटचं, शिक्षण डिप्लोमाचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवायचं काम कागदोपत्री प्रोफेसरांचं होतं, प्रत्यक्षात मॅडमचं. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि अंबाड्यात लाल पेन्सिल. ती पेन्सिल बाहेर आली की वर्गातला आवाज आपोआप खाली यायचा. पाणीगेटला राहायच्या, तिथूनच मोपेडवर यायच्या. त्यांचे आजोबा सरकारी पागेत होते. मॅडम म्हणायच्या, "आमच्याकडे आधी घोडे शिकवायचे, आता मी मुलं शिकवते. घोड्यांना लवकर समजतं."

माझ्याशी त्या मराठीत बोलत, ध्रुविलशी गुजरातीत आणि शिपायाशी हिंदीत. कधीकधी हे तिन्ही एकाच वाक्यात होई. इंग्रजीचं मात्र त्यांच्याकडे मोजकंच सामान होतं. क्रियापद असायचं, नाम असायचं, मधल्या जोडकामाला फाटा.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजनं परदेशातल्या दोन कॉलेजांबरोबर एक उपक्रम घेतला. तीन देशांतल्या मुलांनी एका सत्रात मिळून एक वस्तू बनवायची, आणि एकमेकांना न भेटता. आमच्या टीममध्ये बडोद्याचे मी आणि ध्रुविल, जपानचा केंजी आणि ब्राझीलची लुसिया. काम होतं एका यंत्राचं. बडोद्यातच, वासण्याला रमणभाई नावाचे गृहस्थ राहत होते. अर्धांगवायूनं त्यांचं एक अंग लुळं पडलं होतं. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं तर त्यांच्या बायकोला, हंसाबेनना, शेजारच्या दोन पुरुषांना हाक मारावी लागे. रोज कोण येणार? म्हणून रमणभाई आठवड्यातून दोनदाच उठत. हंसाबेनना एकटीनं उचलता येईल असं, कापडी झोळीत माणसाला बसवून हँडलनं वर घेणारं यंत्र आम्हाला करायचं होतं. ड्रॉइंग केंजीनं काढायचं, झोळी लुसियानं आखायची आणि लोखंडाचं काम आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही करायचं, अशी वाटणी झाली.

आमचे गाइड सर पहिल्या मीटिंगला आले, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि गेले. लॅब उघडून द्यायला, पडदा सुरू करायला आणि शेवटी कुलूप लावायला जगताप मॅडम होत्या. तेवढंच त्यांचं काम. त्या कोपऱ्यात बसून पहिल्या वर्षाच्या शीट तपासत होत्या.

पहिली मीटिंग जोरात झाली. म्हणजे ध्रुविल आणि लुसिया जोरात बोलले. दोघंही बोलके, दोघंही उत्साही, एकमेकांचं वाक्य तोडत हसत होते. मीही अधूनमधून बोलले. केंजी मान हलवत होता. पाऊण तासानं सगळे अंगठे वर करून गेले आणि आम्ही खूश होऊन बॅगा उचलल्या.

मॅडमनी शीटवरून मान वर न करता विचारलं, "काय ठरलं?"

ध्रुविल म्हणाला, सगळं ठरलं, सगळ्यांना समजलं. मॅडमनी आम्हाला दोन कोरे कागद दिले आणि वेगवेगळ्या बाकांवर बसून काय ठरलं ते लिहायला सांगितलं. केंजी आणि लुसियालाही तसंच लिहून पाठवायचा निरोप माझ्याकडून धाडला. दुसऱ्या दिवशी चार कागद टेबलावर होते. ध्रुविलच्या कागदावर यंत्राला चाकं होती, माझ्या कागदावर नव्हती. लुसियाचं यंत्र छताला टांगलेलं होतं. केंजीनं नम्रपणे लिहिलं होतं की पलंगाची उंची कोण मोजून पाठवणार हे त्याला कळलं नाही.

मॅडमनी चारही कागद लाल पेन्सिलीनं तपासले, आणि पुढच्या मीटिंगला खुर्ची ओढून पडद्यासमोर येऊन बसल्या. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "I am Jagtap. No 'understood'. Tell what understood." तेव्हाच आम्ही हसलो होतो. मग त्यांनी तेच आम्हाला मराठीत सांगितलं. "समजलं हा शब्द या खोलीत चालणार नाही. काय समजलं ते सांगायचं. आणि जो सगळ्यात कमी बोलला त्यानं आधी सांगायचं."

त्या दिवसापासून मीटिंगच्या शेवटी सांगणं केंजीपासून सुरू व्हायला लागलं. त्याचं इंग्रजी मॅडमच्या इंग्रजीपेक्षा फार मोठं नव्हतं. मॅडमचं ऐकून त्याला धीर आला असावा. ध्रुविलची आणि लुसियाची लांबलचक वाक्यं त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत फुटायची, मॅडमची जशीच्या तशी पोचायची. काही अडलं तर त्या शब्दांच्या मागे लागत नसत. कागदावर चार रेघांत आकृती काढायच्या आणि कॅमेऱ्यासमोर धरायच्या. तिकडून केंजीही कागद धरायचा. आम्ही तिघं बघत बसायचो आणि ही दोघं न बोलता बोलत असायची.

मीटिंगची वेळ साडेपाचची होती, आमची कॉलेज सुटायची वेळ. आम्हाला ती फारच सोयीची. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी केंजीला विचारलं, आत्ता तुझ्याकडे किती वाजलेत. नऊ, तो म्हणाला. जेवलास का? तो हसला आणि नंतर जेवेन म्हणाला. मीटिंग संपल्यावर मॅडमनी फळ्यावर तीन घड्याळं काढली आणि सांगितलं, दर वेळी एकच मुलगा का जेवण सोडून बसेल? एक आठवडा आपली सोय, दुसऱ्या आठवड्यात त्याची, तिसऱ्यात लुसियाची. केंजीच्या सोयीची मीटिंग आमच्याकडे सकाळी साडेसातला यायची. ध्रुविल कुरकुरला, एवढ्या सकाळी कॉलेजचं फाटकसुद्धा उघडत नाही म्हणाला. मॅडम फाटक उघडवून आत बसलेल्या असायच्या, आणि टेबलावर स्टीलच्या डब्यात लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा हिरवा चिवडा. त्यासाठी त्यांना कॉलेजकडून काही मिळत नव्हतं. त्यांची ड्युटी साडेदहाला सुरू व्हायची.

मग ब्रॅकेटचं प्रकरण झालं.

यंत्राचा आडवा दांडा खांबाला जिथे जोडला जातो, तिथे एक वाकवलेला लोखंडी तुकडा बसतो. त्याचं ड्रॉइंग केंजीनं पाठवलं. ध्रुविल आणि मी वर्कशॉपमध्ये दोन दिवस घालवून जाड प्लेट कापली, वाकवली, वेल्डिंग केलं. बसवायला गेलो तर तुकडा उलटा. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालावा तसा. सत्र संपायला पाच आठवडे उरले होते. ध्रुविलचं डोकं फिरलं. त्यानं तिथंच उभ्या उभ्या केंजीला मेल लिहिला की तुझं ड्रॉइंग चुकलं आहे आणि त्यामुळे आमचे दोन दिवस आणि सगळी प्लेट वाया गेली. मी वाचला. पाठव म्हणाले.

तासाभरात उत्तर आलं. केंजीनं माफी मागितली होती. यापुढे काळजी घेईन असं लिहिलं होतं आणि संध्याकाळच्या आत नवं ड्रॉइंगही पाठवलं. मी ते मॅडमना दाखवायला घेऊन गेले, थोड्या विजयानंच. मॅडमनी आधी मेल वाचला, मग जुनं ड्रॉइंग मागितलं. ते टेबलावर पसरून बराच वेळ बघत राहिल्या.

"यानं माफी कशाची मागितली?" त्यांनी विचारलं.

मग अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका नखाएवढ्या चिन्हाभोवती लाल गोल काढला. वस्तू कागदावर दाखवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत उजवीकडून दिसणारं रूप डाव्या बाजूला काढतात, दुसरीत उजव्याच बाजूला. आपल्याकडे पहिली चालते, जपानात दुसरी. कोणती वापरली ते कोपऱ्यातलं ते चिन्ह सांगतं. केंजीनं चिन्ह काढलं होतं, अगदी स्वच्छ. आम्ही ते बघितलंच नव्हतं. हे सगळं पहिल्या वर्षी याच लॅबमध्ये, याच टेबलावर, मॅडमनी आम्हाला शिकवलेलं होतं.

ध्रुविलला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं बघितलं आणि खाली बसला. मला वाटलं आता मॅडम ओरडतील. त्यांनी पेन्सिल परत अंबाड्यात खोचली. ध्रुविलला गुजरातीत एवढंच म्हणाल्या, की ज्यानं चूक केली नाही तो मुलगा माफी मागतो, याचा अर्थ तो आपल्याला घाबरतो. आणि घाबरलेला माणूस ड्रॉइंग काढेल, पण खरं सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू होताच ध्रुविल माफी मागायला पुढे सरकला. मॅडमनी त्याला थांबवलं. आधी स्वतः बोलल्या. त्यांचं ते बोलणं मला शब्दशः आठवतं. "Kenji. Your drawing correct. We not read symbol. I teach them this symbol. So my mistake also. Sorry." मग ध्रुविल बोलला, मग मी.

केंजी गप्प. पडद्यावर त्याचा चेहरा हललासुद्धा नाही. मला वाटलं नेट गेलं. लुसियाला शांतता सोसत नसे, ती काहीतरी बोलायला लागली, तर मॅडमनी ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं. आम्ही बसून राहिलो. इतकी लांब शांतता आमच्या एकाही मीटिंगमध्ये झाली नव्हती.

मग केंजी म्हणाला, मी एक गोष्ट सांगू का. खालच्या पिनेबद्दल. मी दोनदा लिहिलं होतं की ती जरा अवघड आहे.

लिहिलं होतं खरं. दोन्ही वेळा ध्रुविलनं उत्तर दिलं होतं, नो प्रॉब्लेम, वी विल मॅनेज. अवघड म्हणजे आम्हाला करायला अवघड, असं आम्ही धरून चाललो होतो. केंजीच्या सांगण्याचा अर्थ वेगळा होता. झोळी जिच्यावर लटकणार होती ती पिन एकाच बाजूनं धरलेली होती. झोळीतला माणूस एका अंगाला कलला, तर सगळा भार तिच्या एका टोकावर येणार आणि ती तुटू शकणार होती. त्याच्याकडे गणिताची तीन पानं तयार होती. तीन आठवड्यांपासून तयार होती. आमचा उत्साह बघून त्याला स्पष्ट नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं होतं.

आम्ही ती पानं बघितली. गणित बरोबर होतं. रमणभाईंचं वजन आम्हाला ठाऊक होतं. अर्धांगवायूचा माणूस एका अंगाला कलतोच, हेही ठाऊक असायला हवं होतं.

मीटिंगनंतर ध्रुविल म्हणाला की केंजीनं सरळ नाही म्हणायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "बेटा, आपण तरी कुठे सरळ म्हणतो? आपलं 'थई जशे' म्हणजे काय? होईल म्हणायचं आणि मनात म्हणायचं बघू. त्याचं 'जरा अवघड' आणि आपलं 'थई जशे' सख्खी भावंडं आहेत. ओळखता यायला पाहिजे."

पिन दोन्ही बाजूंनी धरायची ठरली, ब्रॅकेट नव्यानं केलं. त्या पाच आठवड्यांत केंजी इतका बोलला, की एकदा मॅडमच म्हणाल्या, आता याला कोणीतरी थांबवा.

यंत्र उभं राहिलं. आधी वाळूची पोती उचलून बघितली, रमणभाईंच्या दुप्पट वजनाची. दांडा वाकला नाही, पिन हलली नाही. आता रमणभाईंकडे न्यायचं, असं आम्ही बोलत होतो तर मॅडम चपला काढून वर्कशॉपमधल्या बाकावर आडव्या झाल्या होत्या.

"आधी मला उचला," त्या म्हणाल्या.

गाइड सर तिथे होते. ते घाबरले. परवानगीचं काय, काही झालं तर, असं त्यांनी सुरू केलं. मॅडम पडल्या पडल्याच म्हणाल्या, सर, वाळूची पोती बोलत नाहीत. माणसाला कुठे टोचतं ते माणूसच सांगणार. आणि जिथे मी बसणार नाही, तिथे दुसऱ्याच्या नवऱ्याला कशी बसवू?

मी त्यांच्या अंगाखाली झोळी सरकवली. ध्रुविलनं हँडल फिरवलं. लॅपटॉपवर केंजी आणि लुसिया बघत होते. मॅडम हळूहळू वर उचलल्या गेल्या, साडी पायांशी घट्ट धरून, छताकडे बघत. हवेत असताना मुद्दाम एका अंगाला कलल्या. माझ्या तोंडून आवाज निघाला. पिन जागच्या जागी होती. मग मॅडमनी तिथूनच, लोंबकळत, लुसियाला सांगायला सुरुवात केली. मांडीखाली पट्टा रुततो. मान मागे पडते, आधार दे. म्हातारा माणूस घाबरेल, त्याला धरायला काहीतरी दे. लुसिया भराभर लिहून घेत होती. नंतर तिनं झोळी पुन्हा आखली, आणि छातीशी दोन कापडी मुठी लावल्या.

वासण्याला यंत्र नेलं त्या दिवशी मॅडम दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत, घरात माणसं जास्त झाली की आजारी माणसाला लाज वाटते म्हणाल्या. मला फोन धरून उभं राहायला सांगितलं, म्हणजे केंजी आणि लुसियाला दिसेल. हंसाबेननी एकटीनं हँडल फिरवलं. रमणभाई उचलले गेले, चांगल्या हातानं कापडी मूठ घट्ट धरून, आणि खुर्चीत बसले. त्यांनी कुणाचे आभार मानले नाहीत. बायकोला म्हणाले, खुर्ची जरा रस्त्याकडे फिरव. हंसाबेननी फिरवली आणि मग पदरानं डोळे पुसले. लुसिया तिकडे रडत होती. केंजी मला म्हणाला, फोन खाली घे, मला पिन दाखव. मी मॅडमना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की त्यांना दाराच्या चौकटीला धरावं लागलं.

अंतिम सादरीकरणात टीमच्या नावांची यादी होती, गाइड सरांचं नाव होतं. जगताप मॅडमचं नव्हतं. नियमात असिस्टंटला जागा नव्हती. आम्ही विचारून बघितलं, नाही म्हणाले. मॅडमना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. पण कॉलेजात जमा करायची ड्रॉइंग केंजीकडून आली तेव्हा त्यांच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे ड्रॉइंग तपासणाऱ्याचं नाव घालतात, तिथे प्रत्येक पानावर एकच नाव होतं. जगताप. बावीस पानांवर. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

फक्त आडनावात इंग्रजी एक अक्षर जास्त पडलं होतं. मी ते मॅडमना दाखवलं. म्हटलं, दुरुस्त करून मागवू का? आयुष्यभर दुसऱ्यांच्या शीटवर लाल खुणा केलेल्या त्या बाईनं पहिलं पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाल्या, "राहू दे. तपासून झालंय."

आता मी पुण्यात नोकरी करते. माझी टीम चार देशांत विखुरलेली आहे. मीटिंग कशी घ्यायची याचं प्रशिक्षण कंपनीनं आम्हाला दिलं, दोन दिवस, हॉटेलात. मी वही उघडून बसले होते आणि फारसं काही लिहिलं नाही.

गेल्या दिवाळीत बडोद्याला गेले तेव्हा मॅडमना भेटायला पाणीगेटला गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वीच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मोठा काळा चष्मा लावून बसल्या होत्या. माझी नोकरी, पगार, लग्न यातलं काही न विचारता त्यांनी विचारलं, तुमच्याकडे वाद झाला की आधी कोण बोलतं? मी सांगितलं. त्यांनी नापसंतीनं मान हलवली. चहा झाला. केंजीला मुलगी झाल्याचं मला त्यांच्याकडूनच कळलं.

निघाले तर त्याही पायऱ्या उतरून खाली आल्या. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही सांगितलंय, मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. मी गाडी त्यांच्या गल्लीत आत आणली होती आणि वळवायला जागा नव्हती. रस्त्यापर्यंत सगळी उलटीच न्यायची होती. गल्लीत दिवाळीची गर्दी, दोन्हीकडून स्कूटर, मध्ये एक रिक्षा. मॅडम गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आरशात मला त्या दिसल्या, काळा चष्मा, खोचलेला पदर. एक हात आडवा करून त्यांनी रिक्षा अडवली होती आणि रिक्षावाल्याला गुजरातीत काहीतरी सुनावत होत्या. दुसऱ्या हातानं मला बोलावत होत्या, ये, ये, अजून ये. त्यांना धड दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. मी मान वळवून मागे बघायचं सोडून दिलं आणि त्या हाताकडे बघत गाडी मागे घेत गेले.